साडेनऊचं पाणी

माझ्या नवऱ्याला माझ्या सगळ्या गोळ्या पाठ आहेत. कुठली सकाळी उपाशीपोटी, कुठली जेवणानंतर, कुठली आठवड्यातून एकदाच — मी विसरले तरी तो विसरत नाही. माझ्या चष्म्याचा नंबर त्याला ठाऊक, माझी चिडचिड त्याच्या वाट्याला, माझं रडणंही त्याच्याच समोर. एकच गोष्ट त्याला माहीत नाही. ती बहिणीलाही माहीत नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा तेवढी वगळून बाकीचं बोलते. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळलेलं नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

मला आमवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. रोगाशी लढायला शरीरात जी फौज असते, तीच माझ्यावर उलटली आहे आणि माझ्याच सांध्यांवर चालून जाते. डॉक्टरांनी पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा मी म्हटलं होतं, म्हणजे आमच्या ऑफिससारखंच, आपल्याच माणसांना त्रास. ते हसले नाहीत. बत्तीस वर्षं मी पालघरला सरकारी कार्यालयात कारकून होते. आमच्याकडे फाइल पुढे सरकते ती 'हरकत नाही' या दोन शब्दांवर. हे दोन शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलेत, की बोटं वाकडी झाली, बाकीचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालं, तरी तेवढे दोन शब्द अजून सरळ येतात. शेवटी पेन धरवेना म्हणून मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि बोईसरला घरी बसले.

चार उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक शाळा आहे, तिथे छोटासा पोहण्याचा तलाव आहे. सुट्टीत मुलांची शिबिरं चालतात. अदिती मॅडम म्हणून एक फिजिओथेरपिस्ट आहेत — वयाने तिशीच्या, बोलायला मधाळ आणि व्यायामाला उभं केलं की कसाई. त्यांनी शाळेकडून रोजचा एक तास मागून घेतला, आमच्यासारख्यांसाठी. पोहायचं नव्हतंच. छातीभर पाण्यात उभं राहायचं, चालायचं, हात फिरवायचे, पाण्याला ढकलायचं. पाण्यात अंगाचा भार हलका होतो. जमिनीवर गुडघा ज्या गोष्टीला साफ नकार देतो, ती तो पाण्यात निमूटपणे करतो.

आम्ही सात जण होतो. एक कारखान्यातले फोरमन, पाठ लाकडासारखी आखडलेली, रोज पाण्यात उतरल्यावर हिंदीत जाहीर करायचे की आज कालपेक्षा बोटभर जास्त वाकलो. एक निवृत्त शिक्षिका, अंगावर सोरायसिसचे चट्टे, लोक बघतील म्हणून पाण्यात सगळ्यांत आधी शिरायच्या आणि सगळ्यांत शेवटी निघायच्या. बाकीचे माझ्यासारखे. आणि हिरा.

हिरा चिंचणीची. चाळिशीतली, मासळीच्या घरातली बाई. तिला ल्युपस होता. जात तीच, आपलंच शरीर आपल्यावर उलटण्याची. सांधे तिचेही सुजायचे. पण या रोगाचं उन्हाशी वैर. ऊन अंगावर पडलं की तो भडकतो, आधी कातडीवर आणि मग आत. डॉक्टरांनी तिला सांगितलेलं पहिलं पथ्य होतं, उन्हात जायचं नाही. जिने जन्मभर आडव्या बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगले, वाळूत सुकट पसरली, तिला हे पथ्य. 'आमचा धंदाच उन्हाचा, ताई,' असं ती मला हसत सांगायची.

सुकवायचं काम तिने सोडलं. मग राहिली फक्त बाजारातली जागा. ती सावलीत होती. तिच्या सासूची जागा, सासूला तिच्या सासूकडून आलेली. अशी जागा रिकामी ठेवता येत नाही, कोणीतरी बसावंच लागतं. आदल्या वर्षी हिराचे हात इतके सुजले की मासळी कापायचा कोयता धरवेना, म्हणून तिची जाऊ तिथे बसली. घरात ठरलं होतं — पावसाळ्यात बोटी बंद राहतील, नारळी पुनवेनंतर निघतील, तोवर हिराचे हात चालायला लागले तर जागा तिची. नाहीतर जावेची, आणि मग कायमची. हे तिने मला पहिल्याच दिवशी कपडे बदलताना सांगितलं. उजवा हात पुढे करून अर्धीच वळणारी मूठ दाखवली आणि म्हणाली, "येवढी वळली पायजे, ताई. बाकी काय नको."

म्हणजे मला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही मला संशयाचा फायदा देणार नाही.

जन्म दर्याकाठी गेला, तरी गळ्यापर्यंत पाण्यात ती कधी उतरली नव्हती. दर्यात बाप्ये जातात, बाया काठावर, असं तिचं म्हणणं. शिडीवर पाय ठेवून ती अडून बसली तेव्हा मीच तिचा हात धरला आणि तिला पाण्यात घेतलं. मग पंधरा दिवस ती माझ्याच शेजारी उभी राहायची. बोलायची फार. मासळी कशी ओळखायची, गिऱ्हाईक कसं ओळखायचं, कोणती बाई घासाघीस करून शेवटी घेणारच आणि कोणती नुसतीच वास घेऊन जाणार. मला त्या दुसऱ्या गटात टाकून खदखदून हसायची. मला ती आवडत होती. हे खोटं नाही — आणि म्हणूनच सांगायला जास्त जड जातं.

एप्रिल संपता संपता तिची मूठ जवळजवळ वळायला लागली. मॅडम तिला पुढे उभं करून सगळ्यांना दाखवायच्या, बघा, पाणी कसं ढकलायचं ते हिराताईंकडून शिका. मला मत्सर वाटला का? वाटला थोडा. तोवर वर्गातली हुशार विद्यार्थिनी मी होते. पण तो मत्सर मी पुढे करणार नाही. मत्सरापायी केलं म्हटलं तर त्यात निदान काही तरी मोठं घडल्यासारखं वाटतं. खरं कारण त्याहून लहान आहे. इतकं लहान, की लिहिताना हात थांबतो.

मला पाणी गार लागत होतं.

आमचा तास सकाळी सहाचा होता. सातनंतर मुलांची शिबिरं. शाळेची तीन मजली इमारत तलावाच्या पूर्वेला, त्यामुळे सात वाजेपर्यंत अख्ख्या तलावावर तिची सावली असायची. मॅडमनी ही वेळ निवडली ती मुख्यतः हिरासाठीच, असं त्यांनी सुरुवातीला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण आमवाताच्या माणसाची सकाळ कशी असते, तुम्हाला ठाऊक नसेल. उठल्यावर दीड-दोन तास बोटं उघडत नाहीत. चहाचा कप दोन तळव्यांत धरावा लागतो. अशा वेळी पहाटेच्या पाण्यात उतरायचं, मे महिना असला तरी ते रात्रभर गार झालेलं असतं, म्हणजे कोणीतरी मनगटात सुया खुपसाव्यात. मी रोज कुरकुरायचे. बाकीचेही कुरकुरायचे. हिरा गप्प असायची, कारण तिला कळत होतं की ही वेळ तिच्यापायी आहे. एकदा तिने सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा आणला. चिंचणीहून, पहिल्या रिक्षाने. आम्ही तो प्यायलो आणि पुन्हा कुरकुरलो.

मग शाळेने कळवलं की मे महिन्यात शिबिराची एक तुकडी कमी झाली आहे, हवं तर साडेनऊची वेळ घ्या. पण एकच, सहा किंवा साडेनऊ. साडेनऊला ऊन तलावावर चांगलं पसरलेलं असतं आणि पाणी कोमट होतं. वर छप्पर नाही. मॅडमच्या बहिणीचं लग्न होतं, त्या दोन आठवडे नाशिकला निघाल्या होत्या. वर्ग माझ्यावर सोपवून गेल्या. रजिस्टर, व्यायामांचा कागद, सगळं. जाताना नीट बजावलं — वेळ बदलायची तर आधी हिराताईंचं बघा. डॉक्टरांना विचारा. ते नाही म्हणाले तर सहाच ठेवा, चर्चा नको.

आमचे डॉक्टर मुंबईहून महिन्यातून दोन शनिवारी बोईसरला येतात. हिराही त्यांचीच पेशंट. त्या शनिवारी माझी पाळी होती. बाहेर बसून मी एका चिठ्ठीवर विचारायचे मुद्दे लिहिले. ही माझी ऑफिसची सवय. गोळीने मळमळ होते. कोपरात नवीन गाठ. आणि खाली तिसरा — हिरा, ऊन? डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून दाबली, खूश झाले. सूज कमी आहे म्हणाले. पाण्यातला व्यायाम चालू ठेवा. मळमळीचं विचारलं, गाठीचं विचारलं. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, अजून काही?

मी म्हटलं, नाही.

विसरले का? नाही. चिठ्ठी माझ्या हातात होती. घाई होती का? बाहेर पाच-सहा जण होते, पण एक वाक्य विचारायला किती वेळ लागतो? मग का नाही विचारलं? कारण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. मला ते आधीच माहीत होतं. ऑफिसात ही जुनी युक्ती आहे. जो अडवणार हे पक्कं ठाऊक असतं, त्याच्या टेबलावर फाइल जाऊच द्यायची नाही. मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांना ही युक्ती करताना बघितलं आणि त्यांना नावं ठेवली. स्वतः केली ती निवृत्त झाल्यावर.

त्या संध्याकाळी मॅडमचा नाशिकहून फोन आला. मागे सनई वाजत होती. मी सांगितलं, विचारलं डॉक्टरांना, हरकत नाही. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की, डोक्याला कापड आणि लांब बाह्या पुरे म्हणाले. हे तपशील मी जागच्या जागी रचले. खोटं बोलताना तपशील घालावेत हे कोणी शिकवावं लागत नाही.

मग मी हिराला फोन लावला. तिला सांगितलं, वर्ग आता साडेनऊला. ती हळूच म्हणाली की उन्हाचं कसं करू. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले, पाण्यात असताना ऊन बाधत नाही.

"डॉक्टर सोता बोलले?"

"हो, स्वतः बोलले."

झालं. एवढंच. दोघींना दोन बाजूंनी मी तीच थाप मारली, आणि दोघींनी ती घेतली, कारण मधे मी होते. सरकारी नोकरीतली, शिकलेली, वयाने मोठी. हिराने दुसरा प्रश्न विचारला नाही. रविवारी मी रजिस्टरमध्ये नवी वेळ लिहिली. प्रत्येकाच्या नावापुढे शेरा. हिराच्या नावापुढे — डॉक्टरांना विचारणा केली, हरकत नाही. अक्षर सुरेख आलं होतं.

पुढचे दहा दिवस माझे फार छान गेले. हे लिहायला नको वाटतं, पण कबुलीच द्यायची तर ही पण द्यायला हवी. पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. उतरल्या उतरल्या खांदे सुटायचे, मनगटं सुटायची. त्या आठवड्यात मी दोन वर्षांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. नवऱ्याने बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फोरमन दोन बोटं जास्त वाकले. शिक्षिकाबाई पहिल्यांदा पाण्याबाहेर कठड्यावर सगळ्यांसमोर बसल्या, त्यांच्या चट्ट्यांना ऊन मानवतं म्हणाल्या. एकाच तलावात, एकाच उन्हात, कोणाचं औषध आणि कोणाचं विष, आणि हे मला एकटीला पूर्ण ठाऊक होतं.

हिरा लांब बाह्यांचा सदरा घालून, डोक्याला ओढणी घट्ट बांधून यायची. पण पाणी ऊन खालून वर फेकतं. ओढणी खालून येणारं ऊन कसं अडवणार? तिसऱ्या दिवशी तिच्या नाकावर आणि दोन्ही गालांवर लाली आली. फुलपाखरू पंख पसरून बसावं तशी. ल्युपसची खूण हीच, मी वाचलेलं होतं. तिने मला विचारलं, ताई, हे काय आलंय बघा. मी बघितलं. आणि म्हटलं, घामोळं असेल, हळद लाव.

सहाव्या दिवशी ती आली नाही. अंग मोडून आलंय असा निरोप होता. तिथे तरी मला थांबता आलं असतं की नाही? येऊ नकोस, घरीच राहा, एवढं म्हणायचं होतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. हिरा यायची बंद झाली तर मॅडम आल्यावर विचारतील, का बंद झाली? मग डॉक्टरांचं नाव निघेल. म्हणून मी तिला फोन केला. म्हटलं, सवय मोडू नकोस, इतकी मूठ वळायला लागली आहे, नारळी पुनव बघता बघता येईल. पुनव मुद्दाम काढली. तिची दुखरी नस मला ठाऊक होती, मी तिच्यावरच बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती आली.

नवव्या दिवशी तिला शिडी चढवेना. फोरमननी आणि वॉचमनने धरून वर घेतलं. तिची पावलं सुजली होती, बोट दाबलं की खड्डा राहायचा. दहाव्या दिवशी ती आली नाही, आणि मी फोन केला नाही.

मॅडम नाशिकहून आल्या तेव्हा हिरा वापीला दवाखान्यात होती. ताप, सांधे सुजलेले, आणि आता मूत्रपिंडं. रोग आत गेला होता. मॅडम मला घेऊन तिला बघायला गेल्या. वाटेत गाडीत त्या सारखं म्हणत होत्या, मला कळत नाही, डॉक्टर हो कसे म्हणाले, मी त्यांच्याशी बोलते. मी मांडीवर मोसंब्यांची पिशवी घेऊन बसले होते. माझा चेहरा कसा झाला होता ते सांगत नाही. त्या वेळी मला हिराची काळजी वाटत होती असं तुम्हाला वाटेल, म्हणून सांगत नाही.

हिराचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. गाल भाजल्यासारखे. तिचा नवरा उभा होता, आम्हाला बघून त्याने स्टूल पुढे केलं. मॅडम तिच्या पायाशी बसल्या. मग त्यांनी विचारलं, हिराताई, उन्हात यायला तुम्हाला नक्की कोणी काय सांगितलं होतं? हिराने माझ्याकडे बघितलं. आता ती सांगणार, हे मला कळलं. सांगू दे, असंही एक क्षण वाटलं. सुटका होईल.

"कोणी काय नाय सांगितलं," हिरा म्हणाली. "वर्ग झाल्यावर मीच बसायची, पानी गोड लागायचं. ताई तर रोज बोलायची, घरी जा. चूक माझीच हाय."

मी कधीच म्हटलं नव्हतं, घरी जा. वर्ग संपला की ती ओले कपडे पिशवीत कोंबून आधी पळायची, घरी सासूचं जेवण असायचं. ती मला वाचवत होती. तिला वाटत होतं की मी भाबडेपणाने विचारलं, डॉक्टरांनी भलतंच सांगितलं, आणि आता माझ्यावर ठपका येईल. मला ठपका येऊ नये म्हणून तापात पडल्या पडल्या तिने ही कहाणी रचली. मॅडमनी मान खाली घातली. नवरा बायकोकडे रागाने बघत राहिला. म्हणाला, सांगितलेलं ऐकायचं नाय कधी.

आणि मी? मी मोसंबी सोलत होते. बोटं छान चालत होती.

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. खोलीत सगळे होते ज्यांना ते ऐकायचा हक्क होता. मी फोड तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आता आराम कर, बोलू नकोस. बोलू नकोस — हे मी म्हटलं, तिला.

मॅडम नंतर डॉक्टरांशी बोलल्या नाहीत. हिराने स्वतःच कबूल केल्यावर विचारायचं काय उरलं होतं? पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं. म्हणायच्या, मी नाशिकला गेले नसते तर, मी नीट लक्ष दिलं असतं तर. वर्ग त्या उन्हाळ्यात बंद केला. मी त्यांची समजूत घातली. किती वेळा घातली. तुमचा काय दोष मॅडम, म्हणत राहिले, आणि ते तेवढंच एक खरं बोलत होते.

नारळी पुनव आली. बोटी निघाल्या. हिराच्या घरी नारळ वाहिला गेला, आणि बाजारात जाऊ जाऊन बसली. आता तीच बसते. हिरा घरात बसून कोळंबी सोलते, हात चालतील तेवढी. मूत्रपिंडं अधू झाली ती झालीच. औषधाने चेहरा फुगला आहे. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा तिच्या नवऱ्याने खुर्ची दिली, सासूने चहा केला, निघताना सुके बोंबील बांधून दिले. नको म्हटलं तरी ऐकेनात. घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने ते भाजून खाल्ले, मला घास गेला नाही. तिसऱ्यांदा मी गेले नाही. लांब पडतं, असं सांगते.

पुढच्या वर्षी वर्ग पुन्हा सुरू झाला. हिराचं नाव रजिस्टरमध्ये नव्हतं, म्हणून वेळ ठरवायला कसलाच अडथळा नव्हता. साडेनऊ. मी दर उन्हाळ्यात जाते. नाही गेले तर हात आखडतात. म्हणजे मनाला टोचतं म्हणून मी ते पाणी सोडलं, असंही काही झालेलं नाही. एक दिवसही नाही.

यंदा मॅडमनी संध्याकाळचाही एक वर्ग धरला. ऊन उतरल्यावर, पावणेसातला. ज्यांना उन्हाचं पथ्य आहे त्यांच्यासाठी. ही गोष्ट हिराच्या कानावर गेली कशी, कोण जाणे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज तोच, खदखदणारा, थोडा दमलेला. म्हणाली, ऊन नाय म्हनतात, मग मी येऊ का? तिने मॅडमना विचारलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. मला म्हणाली, तुमी विचारून सांगा.

मी शनिवारी गेले. माझी पाळी नव्हती, तरी बाहेर दोन तास बसले. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तिची फाइल काढली आणि सांगितलं की नको. ऊन नसलं तरी नको. तिला जी औषधं चालू आहेत त्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती दबलेली आहे, सगळ्यांच्या तलावात जंतू लागायचे. घरी करण्यासारखे दोन व्यायाम त्यांनी कागदावर लिहून दिले.

परवा मी तिला फोन केला. सांगितलं, नको म्हणाले. व्यायाम वाचून दाखवले. ती थोडी हिरमुसली, मग म्हणाली, बरं. तुमी विचारलंत म्हंजे झालं. मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "त्या टायमाला पन तुमी विचारलंच होतं ना, ताई. तवा तो डॉक्टरच चुकला. तुमच्यावर माझा काय राग नाय, बरं का."

माझा नवरा आतल्या खोलीत होता. दार लोटलेलं होतं. आम्हा दोघींशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. तिने स्वतःहून ती गोष्ट काढली होती, मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "हो गं. डॉक्टरच चुकला."

मग तिने विचारलं, तुमचे हात कसे हायत. मी म्हटलं, बरे आहेत. ती म्हणाली, चला, एकीचं तरी झालं. आणि तिने फोन ठेवला.

चार वर्षांपूर्वीचं सांगते असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. हे परवाचं आहे.